धर्मगुरूने घ्यायला कसे शिकावे: पुण्यातील पॅरिशमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या फादरांसाठी

गुरुदीक्षा घेऊन पुण्यातल्या एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या भाविकसमुदायात, सहायक म्हणून रुजू होणाऱ्या फादरांना नम्रतेविषयी पुष्कळ सांगितले जाते आणि त्यातले बहुतेक वागणुकीविषयी असते: हळू बोला, रागावू नका, मोठेपणा मिरवू नका, गरिबांच्या घरी जा. हे सारे योग्यच आहे. पण वेदीसमोरच्या बाकावर आयुष्य घालवलेला आणि पॅरिश कौन्सिलचे कामही पाहिलेला एक भाविक म्हणून मला ठामपणे वाटते की, धर्मगुरूची नम्रता त्याच्या बोलण्यावरून कळते त्याहून अधिक, त्याला इतरांकडून घेता येते की नाही यावरून कळते. सकाळच्या मिस्सेपासून, म्हणजे वेदीवरच्या उपासनेपासून, रात्रीच्या रुग्णभेटीपर्यंत तो देतच असतो: क्षमा, सल्ला, आशीर्वाद, ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर), दाखले, शिफारशी. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि वर्षानुवर्षे तो वरच राहिला की आपल्यालाही काही हवे आहे याचा माणसाला विसर पडतो. हा हात रोजच्या कामात खाली कसा आणावा, याविषयी पुढे लिहिले आहे.

याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की महायाजक माणसांतूनच घेतलेला असतो, तो स्वतः दुर्बलतेने वेढलेला असतो म्हणून अजाण आणि वाट चुकलेल्यांशी सौम्यतेने वागू शकतो, आणि लोकांसाठी जसे अर्पण करावे लागते तसेच ते त्याला स्वतःच्या पापांसाठीही करावे लागते. म्हणजे सौम्यता त्याच्या गुणवत्तेतून येत नाही, त्याच्या कमकुवतपणातून येते. योहानाच्या शुभवर्तमानात तर क्रमच बोलका आहे. तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो हे सर्वांना पाठ असते. पण त्याआधी, बाराव्या अध्यायात, बेथानीच्या मरियेने त्याच्या पायांना सुगंधी तेल लावून ते आपल्या केसांनी पुसले आहेत आणि त्याने ते करू दिले आहे. त्याहीआधी, चौथ्या अध्यायात, तो शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. ज्याने घेतले, त्यानेच मग दिले. धर्मगुरूंच्या सेवेविषयी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जो आदेश काढला, त्यातही धर्मगुरू हा बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांबरोबर बंधूंमधला एक बंधू आहे, असे स्पष्ट म्हटले आहे.

वेदीपाशी

सुरुवात मिस्सेपासूनच करावी, कारण तिथे घेण्याच्या जागा आधीच ठरवून दिलेल्या आहेत आणि आपण बहुधा त्या घाईने ओलांडून जातो. पापकबुलीच्या प्रार्थनेत धर्मगुरू देवाबरोबरच समोर उभ्या असलेल्या बंधुभगिनींपुढेही आपले पाप कबूल करतो आणि आपल्यासाठी प्रार्थना करण्याची त्यांना विनंती करतो. ही विनंती खरोखर केलेली आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले पाहिजे. म्हणून ती म्हणताना पुस्तकाची पाने चाळू नयेत, कोण उशिरा आले ते पाहू नये, आणि छातीवर हात लोकांच्या बरोबरीने मारावा. अर्पणाच्या वेळी हात धुताना तुम्ही हळू आवाजात स्वतःच्या शुद्धीसाठी जी प्रार्थना करता, ती आम्हाला ऐकू येत नाही. पण ती म्हटली जाते की नुसतीच बोटे ओली केली जातात, हे पुढच्या बाकावरून नक्की दिसते. त्यानंतर ‘माझे आणि तुमचे अर्पण’ देवाला मान्य व्हावे म्हणून लोकांना प्रार्थना करायला सांगितले की त्यांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. ते उत्तर तुमच्यासाठीच असते. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी आपण योग्य नाही हे सांगणारे वाक्यही धर्मगुरू आणि लोक एकत्रच म्हणतात. तिथे तुमचा आवाज माइकवरून सगळ्यांच्या वर चढू नये, म्हणून तोंड माइकपासून थोडे दूर न्यावे.

गुरुदीक्षेच्या वेळी तुम्ही वेदीसमोर पालथे पडला होता आणि चर्चमधले सगळे लोक तुमच्यासाठी संतांची नामावली म्हणत होते. दीक्षेच्या वाढदिवशी हारतुरे, केक आणि फलक यांच्याऐवजी लोकांना तीच नामावली तुमच्यासाठी पुन्हा म्हणायला सांगावी. बऱ्याच पॅरिशमध्ये याची प्रथा नाही, पण ती सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रायश्चित्त संस्काराबाबत एक गोष्ट आवर्जून करावी. धर्मगुरूंनीही हा संस्कार वारंवार घ्यावा असे चर्चच्या कायद्यात, कलम २७६ मध्ये सांगितले आहे; तो घेताना लोकांना दिसेल अशा ठिकाणी घ्यावा. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात आजूबाजूच्या पॅरिशमधले चार-पाच फादर एकत्र येऊन संध्याकाळी लोकांच्या कबुल्या ऐकतात, तेव्हा यजमान फादरने स्वतः आधी जाऊन गुडघे टेकावेत आणि मग आपल्या जागी बसावे. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१४ रोजी संत पेत्राच्या महामंदिरात सर्वांसमोर एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून कबुली दिली, तेव्हा ते काही नवीन शिकवत नव्हते. पण पाहणाऱ्यांच्या मनावर त्याचा जो ठसा उमटला, तो शंभर प्रवचनांनी उमटला नसता. रांगेत माझ्यापुढे फादरही उभे आहेत हे पाहिल्यावर, वर्षानुवर्षे कबुलीला न आलेली माणसेसुद्धा रांगेत येऊन उभी राहतात.

घरभेट

नम्रतेची खरी कसोटी घराच्या उंबरठ्यावर लागते, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. पुण्यातले मराठी ख्रिस्ती बहुसंख्येने कामगार, शिक्षक, परिचारिका, चालक, सफाई कर्मचारी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत; त्यांतली अनेक कुटुंबे नगर जिल्ह्यातून आली आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नसे. याच शहरात पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून केवढे वादळ उठले आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणाच्या हातचे घ्यायचे, हा प्रश्न इथे कधीच क्षुल्लक नव्हता. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा आजही मिळत नाही, म्हणजे जुनी जखम कागदोपत्रीही भरलेली नाही. अशा घरात फादरने चहा नाकारला तर त्याचा अर्थ फादरांच्या मनात काहीही असो, घरच्यांच्या मनात तो काय होतो याचा विचार करावा.

घर एका खोलीचे असते. तुम्ही येणार म्हणून शेजारून खुर्ची आणलेली असते, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकलेला असतो. घरची बाई ओट्यापाशी उभी राहते, मुले भिंतीला टेकून उभी राहतात, आणि तुम्ही एकटे त्या खुर्चीवर बसता. इथे सगळ्यात आधी सगळ्यांना बसायला सांगावे. खुर्ची घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला द्यावी आणि आपण पलंगाच्या कडेला किंवा सतरंजीवर बसावे. आजोबा ‘नको, नको’ म्हणतील, तरी आग्रह धरावा. बॅगेतली पाण्याची बाटली बॅगेतच राहू द्यावी आणि दिलेले पाणी घ्यावे. चहा आला की तो संपवावा. मधुमेह असेल तर आधीच बिनसाखरेचा मागावा. मागणे हेही घेणेच आहे. एका संध्याकाळी बारा घरे आशीर्वादायची आणि प्रत्येक घरी पाच मिनिटे थांबायचे, असे वेळापत्रक आखू नये. चार घरे पुरेशी आहेत.

घराला आशीर्वाद देऊन झाला की उठण्याआधी एक मागणी करावी: ‘आता तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा.’ आणि ती नंतर कधीतरी करण्यासाठी सोडून न देता तिथेच, त्यांच्या शब्दांत, मोठ्याने करायला सांगावे. पहिल्यांदा घरचे गोंधळतात, एकमेकांकडे पाहतात, मग कोणीतरी, बहुतेक वेळा आजी, डोळे मिटून बोलू लागते. फादरांना परगावी आई-वडील असतील, त्यांची तब्येत चांगली राहू दे; फादरांना जेवण वेळेवर मिळू दे; त्यांना एकटे वाटू देऊ नको. त्या प्रार्थनेत तुमच्याविषयी जे ऐकायला मिळेल, ते तुम्हाला दुसरीकडे कुठेही ऐकायला मिळणार नाही. डोके खाली करून ते ऐकावे आणि शेवटी ‘आमेन’ म्हणावे. त्यावर लगेच आपली दुसरी प्रार्थना जोडू नये.

लोक पाया पडतात तेव्हा काय करावे, हा प्रश्न विशेषतः बाहेरून आलेल्या फादरांना पडतो. काहीजण संकोचून पाय मागे घेतात, काहीजण सवयीने डोक्यावर हात ठेवून मोकळे होतात. आपल्या शहराजवळच याचे उत्तर आहे. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळात, मुक्कामाला येते. त्याच नाना पेठेत आपले सिटी चर्चही आहे. तिथे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात: म्हातारा तरुणाच्या, तरुण म्हाताऱ्याच्या, कोण कोणत्या जातीचा हे न विचारता. तुमच्यापेक्षा वयाने मोठे कोणी वाकले तर तुम्हीही त्यांच्या पायांना हात लावावा. यात धर्मगुरूपदाचा काही अपमान होत नाही.

दवाखान्यात

ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात जाताना वेळ विचारून जावे, नर्सला सांगून आत जावे, आणि पलंगाशी उभे न राहता स्टूल मागून बसावे, म्हणजे आजाऱ्याला मान वर करून बोलावे लागत नाही. फोन बंद ठेवावा. पवित्र तेल लावण्यापूर्वी आजाऱ्याला बोलता येत असेल तर त्याला काय होते आहे ते त्याच्याकडूनच ऐकावे, नातेवाइकांकडून नव्हे. ‘का?’ या प्रश्नाला उत्तर नसते तेव्हा ते नाही असे सांगावे. मरणाऱ्याच्या उशाशी बसून देवाची बाजू मांडण्याची जबाबदारी कोणीही तुमच्यावर टाकलेली नाही. शेजारच्या पलंगावरचा माणूस हिंदू किंवा मुसलमान असतो आणि तोही हात जोडतो. त्याच्यापाशीही तेवढाच वेळ बसावे, त्याचे नाव विचारावे आणि त्याला चालत असेल तर नाव घेऊन प्रार्थना करावी. वेदना सर्वांची सारखीच असते आणि वॉर्डात ती कोणालाही शिकवावी लागत नाही.

पवित्र गुरुवार

पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जण निवडताना पॅरिशमधले देणगीदार, कौन्सिलचे सदस्य आणि त्यांचे जावई निवडण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी लागली आहे. ती मोडावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममधल्या एका बालसुधारगृहात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले, आणि जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलून या विधीसाठी स्त्रियांनाही निवडता येईल असे केले. त्यामुळे आता चर्च झाडणाऱ्या मावशी, दारावरचा रखवालदार, पॅरिशमध्ये कोणाशी ओळख नसलेले परप्रांतीय कामगार कुटुंब, यांना बोलावण्यात कोणतीही अडचण नाही.

मात्र बायकांच्या बाबतीत आधी घरी जाऊन बोलावे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पायांना धाकट्यांनी हात लावायचा असतो आणि देवाच्या माणसाने आपल्या पायांना हात लावावा हे आजींना सहन होत नाही. ‘फादर, मला पाप लागेल,’ असे त्या कळवळून म्हणतात. पेत्रानेही नेमके हेच केले होते: तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही, असे तो म्हणाला, आणि त्याला ते करू द्यावे लागले. आजींना हा प्रसंग वाचून दाखवावा आणि त्यांचा नकार कायम राहिला तर तो मान्य करावा. ज्या येतील त्यांच्यासाठी पाणी कोमट असावे, प्रत्येकीसाठी वेगळा टॉवेल असावा, आणि भेगाळलेली टाच पाहून घाईने पुढच्या पायाकडे सरकू नये. तुमचेही पाय त्या संध्याकाळी कोणीतरी धुवावेत असे मला मनापासून वाटते. विधीत त्याला जागा नाही; मिस्सा संपल्यावर सेक्रिस्टीत, म्हणजे वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत, वेदीसेवक मुले ते आनंदाने करतील.

भाषा, पैसा आणि चुका दाखवणारे लोक

रामवाडीच्या पेपल सेमिनरीत आणि ज्ञानदीप या संस्थेत धर्मगुरू होण्यासाठी देशभरातून मुले शिकायला येतात, शिकणे इंग्रजीतून होते, आणि मग एखाद्या रविवारी मराठी मिस्सा करण्याची वेळ येते. ही पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी येथे सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली; तेव्हापासून आमच्या चर्चनी कितीतरी प्रांतांतले उच्चार प्रेमाने ऐकले आहेत. अशुद्ध मराठीचे आम्हाला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते मराठी मिस्सा सहाच्या आधी उरकून टाकण्याचे आणि इंग्रजी मिस्सेला गायकवृंद, फुले आणि चांगला वेळ देण्याचे. मराठी वाचन शनिवारी एखाद्या शाळकरी मुलीसमोर मोठ्याने करावे आणि तिला चुका दाखवायला सांगावे. ती दोन-तीन आठवड्यांत भीती सोडते, आणि रविवारी तुम्ही वाचत असताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

पैशाविषयी थोडक्यात. प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती असलीच पाहिजे, हे चर्चच्या कायद्याचे कलम ५३७ सांगते; गरिबांनी सांगितलेल्या हेतूसाठी दक्षिणा नसली तरी मिस्सा अर्पण करावी, हे कलम ९४५ सांगते. समितीने तुमच्या खर्चाविषयी प्रश्न विचारला तर उत्तर पावतीसह द्यावे, आणि प्रश्न विचारणाऱ्यावर प्रवचनातून सूड उगवू नये. प्रवचनपीठावरून उत्तर देण्याची सोय फक्त एका बाजूलाच असते, म्हणून ती वापरू नये.

‘मीही माणूसच आहे’ हे वाक्य मात्र जपून वापरावे. ते दुसऱ्याच्या पापाकडे कनवाळूपणे पाहण्यासाठी आहे, स्वतःच्या गैरवर्तनावर पांघरूण घालण्यासाठी नाही. सर्वांसारखे माणूस असणे म्हणजे सर्वांना लागू असलेले नियम आपल्यालाही लागू आहेत हे मान्य करणे. मुलांबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये, कार्यालयाच्या दाराला काच असावी, सहलीत पालक सोबत असावेत. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कोणाही व्यक्तीवर बंधनकारक केले आहे, आणि तक्रार आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध असली तरी तिथे बंधुभाव आड येता कामा नये. मूल आणि धर्मगुरू यांच्यात कोण अधिक दुर्बळ आहे, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही.

तुमचे स्वतःचे दुःख

आई गेल्याची बातमी येते तेव्हा फादर दोन दिवस गावी जाऊन येतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या मिस्सेला जणू काही झालेच नाही अशा चेहऱ्याने उभे राहतात. असे करू नये. लोकांना सांगावे. महिना झाल्यावरच्या मिस्सेत आईचे नाव घ्यावे, आणि त्या प्रार्थनेत आवाज दाटला तर दाटू द्यावा. ज्यांच्या घरी तुम्ही मयताच्या वेळी जाता, त्यांना तुमच्या दुःखात डबा घेऊन येण्याचा अधिकार आहे. भाकरी आणि पिठले घेऊन कोणी आले तर स्वयंपाक्याने जेवण तयार केले आहे असे सांगून परत पाठवू नये. त्यांच्यासमोर बसून खावे. ताप आला, पाय मोडला, रक्तदाब वाढला, तरी हाच नियम. एकटेपणा फार झाला, रात्री झोप लागेना, दारू हाताशी येऊ लागली, तर तो विषय एखाद्या सहकारी धर्मगुरूपाशी किंवा डॉक्टरपाशी वेळीच काढावा. लोकांपुढे सगळे उघडे करण्याची गरज नाही, पण कोणापुढेही उघड न करणारा धर्मगुरू दुसऱ्याची कबुली ऐकताना कठोर होत जातो, असे मी पाहिले आहे.

बदली झाल्यावर

बदलीचे पत्र येईपर्यंत पॅरिश तुमची होते आणि तुम्ही पॅरिशचे होता, आणि मग एका रविवारी ते संपते. निरोपाच्या दिवशी आभार ऐकून घ्यावेत. ‘मी काहीच केले नाही’ असे म्हणून ते परत करू नयेत, कारण लोकांनी ते जमवून आणलेले असतात. भाषण छोटे असावे. नव्या फादरांना किल्ल्या, रजिस्टरे, बँकेची पुस्तके, आणि ज्या आजाऱ्यांकडे दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर न्यायचे असते त्यांची यादी पत्त्यांसह द्यावी. नव्या फादरांविषयी लोकांकडून फोनवर तक्रारी ऐकू नयेत. जुन्या पॅरिशमधले कोणी लग्न लावायला बोलावले, तर आधी तिथल्या फादरांची परवानगी घ्यावी, कारण बदलीनंतर तिथे लग्न लावण्याचा तुमचा अधिकार संपलेला असतो आणि त्यांनी स्पष्टपणे अधिकार दिल्याशिवाय लावलेले लग्न ग्राह्य धरले जात नाही. त्यांनी नाही म्हटले तर लग्नाला पाहुणे म्हणून जावे, बाकावर बसावे आणि जेवून यावे.